देहावर कोरलेले नाव: टॅटू, पिअर्सिंग आणि साधक



काही प्रश्न सत्संगात हात वर करून विचारले जात नाहीत. ते सत्संग संपल्यावर, चपला शोधता शोधता, हळू आवाजात विचारले जातात. टॅटूचा प्रश्न त्यांपैकी एक आहे. एखादा तरुण विचारतो, "दादा, मनगटावर ॐ काढून घेतला तर चालेल ना? देवाचाच तर आहे." एखादी आई विचारते, "ताई, मुलीने भुवईत बाळी टोचून घेतली आहे. चार दिवस मी तिच्याशी बोललेले नाही. तिला इथे आणू की नको?" दोघांनाही उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच हवे असते.

आपणही कदाचित या दोघांपैकी एकाच्या जागी असाल. मुलाच्या जागी असाल तर आपल्याला परवानगी हवी आहे आणि आईच्या जागी असाल तर पाठिंबा. या लेखातून दोन्हींपैकी काही लगेच मिळणार नाही, तेव्हा थोडा धीर धरावा. आधी आपल्याच परंपरेने देहावर खुणा का आणि कशा केल्या ते पाहू. कारण 'हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे' हे वाक्य जितक्या सहज बोलले जाते तितके ते खरे नाही.

शब्द मात्र परका आहे. 'टॅटू' हा शब्द पॉलिनेशियातील बेटांवरून, १७६९ मध्ये ताहितीला पोहोचलेल्या कॅप्टन कुकच्या सफरीतून इंग्रजीत आला आणि तिथून आपल्याकडे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत गोंदण आहे, हिंदीत गोदना आहे. आपल्या आजीचा किंवा पणजीचा हात आठवून पाहा. कपाळावर एक हिरवट ठिपका, हनुवटीवर एक, हातावर तुळशीवृंदावन. मेल्यावर सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे सोबत येते, अशी त्यांची समजूत होती. त्याच वेळी हेही विसरू नये की त्या मुलींना बहुधा कोणी विचारले नव्हते. घरच्या बायांनी हात धरायचे आणि गोंदणारीने सुया टोचायच्या. जुने आहे म्हणून सगळे पवित्र, असा उलटा निष्कर्षही आपण काढू नये.

सोनारानेच कान टोचावेत

कान टोचणे तर आपल्याकडे संस्कार आहे. सोळा संस्कारांच्या गणनेत कर्णवेध येतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय याच विषयाला दिलेला आहे आणि तो आजच्या पिअर्सिंग करणाऱ्यांनीही वाचावा इतका बारकाईने लिहिला आहे. रक्षण आणि भूषण, असे दोन हेतू तिथे सांगितले आहेत. बाळ सहा किंवा सात महिन्यांचे झाले की शुक्ल पक्षातला चांगला दिवस पाहावा, बाळाला मांडीवर घ्यावे, खेळणी दाखवून रमवावे. वैद्याने डाव्या हाताने कानाची पाळी ताणून धरावी आणि सूर्यप्रकाश जिथून आरपार दिसतो तिथे, उजव्या हाताने, सरळ, हळूहळू वेध करावा. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. पाळी पातळ असेल तर सुई आणि जाड असेल तर आरी.

पुढे जे येते ते मला फार महत्त्वाचे वाटते. रक्त जास्त आले किंवा वेदना जास्त झाली तर समजावे की चुकीच्या जागी टोचले गेले आहे. मग कापसाची वात घालावी, तेल सोडावे, दर तीन दिवसांनी वात जाड करत न्यावी. त्याच अध्यायात, फाटलेली पाळी पुन्हा जोडण्याचे पंधरा प्रकारही वर्णन केले आहेत. म्हणजे टोचणाऱ्याने फाटण्याची जबाबदारीही घ्यायची.

यात 'कसे दिसेल' हा विचार आहे, तो लपवलेला नाही. भूषण हा शब्द सरळ वापरलेला आहे. साधकाने नटूच नये असे आपल्या ऋषींनी कुठे म्हटले आहे? आपल्याकडे पुरुषांच्या कानाच्या वरच्या भागात भिकबाळी असे, स्त्रियांच्या नाकात नथ आणि चमकी. पण टोचणारा कोण, जागा कोणती, वेळ कोणती आणि बिघडले तर निस्तरणार कोण, हे आधी ठरलेले असे. आपल्या मराठीत सोनारानेच कान टोचावेत असे म्हणतात, ते आपण उपदेशाच्या अर्थाने वापरतो. त्याचा साधा अर्थही घ्यायला हरकत नाही. मॉलमध्ये पाच मिनिटांत बंदुकीसारख्या यंत्राने कानाच्या वरच्या कूर्चेत खटका दाबला जातो. कूर्चेला रक्तपुरवठा कमी असतो. तिथली जखम पाळीसारखी पटकन भरत नाही आणि तिथला जंतुसंसर्ग कानाचा आकार कायमचा बिघडवू शकतो. एवढे तरी टोचण्याआधी माहीत असावे.

कूर्चा म्हटली की नाथपंथ आठवतो. ज्या परंपरेचा वारसा निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वर माउलींपर्यंत आला, त्या परंपरेतले योगी पाळीत नव्हे, कानाच्या मधल्या भागात छेद देऊन मोठी कुंडले घालतात. लोक त्यांना कानफाटे म्हणतात. पण पंथात आला आणि कान चिरला असे होत नाही. आधी औघड म्हणून राहायचे, गुरूची सेवा करायची, आणि गुरूने योग्य समजल्यावर कुंडले मिळायची. तमिळनाडूत थैपूसमला मुरुगनचे भक्त गालातून आणि जिभेतून छोटा भाला आरपार घालतात. ते पाहून बाहेरचा माणूस हबकतो. पण त्यामागे कित्येक दिवसांचे व्रत असते, आणि नवस फेडून झाला की भाला काढला जातो. दुसऱ्या दिवशी तो माणूस आपल्या दुकानात बसलेला असतो आणि गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. उडुपीला आषाढी एकादशीला माध्व परंपरेतले लोक तापवलेल्या शंखचक्राच्या मुद्रा अंगावर घेतात. ती खूण पुसट होत जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावी लागते. वारकऱ्याचा गोपीचंदनाचा टिळा तर रोज आंघोळीला जातो.

या सगळ्यांत एक क्रम दिसतो. आधी जगणे, मग खूण. कुठे खूण टिकते, कुठे टिकत नाही, पण ती सुरुवातीला येत नाही.

मंदिर बंद होते तेव्हा

आता ज्यांच्याबद्दल मला खरे तर हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याकडे वळू. छत्तीसगडमध्ये महानदीच्या काठच्या गावांमध्ये रामनामी समाज राहतो. या समाजात असे सांगितले जाते की १८९० च्या दशकात चारपारा गावच्या परशुराम यांनी आपल्या कपाळावर रामनाम गोंदवून घेतले. ज्यांना अस्पृश्य मानले गेले होते, ज्यांना मंदिराच्या पायरीवर येऊ दिले जात नव्हते, त्यांच्यापैकी ते एक. मूर्ती तुमची, मंदिर तुमचे, पण नाव कोणाच्या कुलुपात नाही, असे जणू त्यांनी म्हटले. मग एकेक करत इतरांनी गोंदवले. दिव्याची काजळी आणि सुया. ज्याच्या कपाळावर नाव आहे तो शिरोमणी, आणि ज्याच्या नखशिखान्त देहावर आहे तो नखशिख रामनामी. पापण्यांवरही नाव असलेली वृद्ध माणसे आहेत. पापणीवर सुई चालताना काय होत असेल याची आपण कल्पना करून पाहावी.

त्यांचा राम दशरथाच्या घरापुरता नाही. तो निर्गुण आहे, सर्वांत भरलेला आहे. म्हणून देहाचा कोणता भाग पवित्र आणि कोणता अपवित्र, हा प्रश्नच तिथे उरत नाही. डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, पायात घुंगरू, अंगावर रामनाम छापलेली चादर, असे ते भजनाला बसतात. आणि देहावर नाव घेतले की दारू सुटली, मांस सुटले, खोटे बोलणे सुटले, अशी त्यांची शिस्त. ही गोष्ट टॅटूच्या दुकानातल्या नमुन्यांच्या वहीत दिसत नाही. तिथे फक्त अक्षरे दिसतात.

आपण विचारावे, त्या माणसांना ही खूण कशासाठी हवी होती? उठून दिसण्यासाठी नाही. ती केल्याने त्यांचा अपमान कमी झाला नाही, उलट दुरूनच ओळखू येऊ लागले. ज्यांनी देवापासून दूर ठेवले त्यांच्यासमोर देवालाच अंगावर घेऊन ती माणसे चालली. आपल्यापैकी बहुतेकांसाठी मंदिराचे दार कधी बंद झालेले नाही. मग आपण तेच नाव मनगटावर काढतो तेव्हा आपण नक्की काय सांगत आहोत, आणि कोणाला?

महाराष्ट्रात याच वेदनेचे दुसरे रूप आहे. चोखोबांनाही मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर ते गेले. परंपरा सांगते की नामदेव महाराज त्यांच्या अस्थी आणायला गेले तेव्हा ढिगाऱ्यातली हाडे कोणाची ते ओळखणार कसे, असा प्रश्न पडला. नामदेवांनी एकेक हाड कानाला लावले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, आणि आजही वारकरी तिथे माथा टेकून मगच आत जातो.

रामनाम्यांनी नाव त्वचेवर घेतले, चोखोबांचे हाडात उतरले. मी या दोहोंत लहान-मोठे करणार नाही. दोन्हीकडे नाव आधी जगले गेले होते.

शाई खाली कुठे जाते

थोडे शरीराविषयी. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा होत राहतो. गोंदणाची शाई त्याच्या खालच्या थरात सोडली जाते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी शाईचे कण परके समजून गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी तेच पुन्हा उचलतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवले. म्हणजे टॅटू 'स्थिर' नसतो. शरीर ती परकी वस्तू आयुष्यभर हातातून हातात देत सांभाळत बसते. काही कण लसिका ग्रंथींपर्यंतही पोहोचतात.

मी वाणिज्य शाखेत शिकते, त्यामुळे मला यात घसारा दिसतो. दीर्घकाळ राहणारी कोणतीही वस्तू घेताना पहिला प्रश्न असतो की ती किती वर्षे उपयोगी पडेल. अठराव्या वर्षी मनाची जी अवस्था असते, तिला घसारा किती वेगाने लागतो हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आवडते गाणे बदलते, मित्र बदलतात, साधनेची पद्धतसुद्धा कधी कधी बदलते. शाई मात्र तिथेच असते. लेसरने ती काढता येते, पण त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, काळी शाई त्यातल्या त्यात सोपी आणि हिरवी, पिवळी हट्टी, आणि काढण्याचा खर्च काढून घेण्यापेक्षा बहुधा जास्त येतो.

सेनादलात जाण्याची इच्छा असणाऱ्यांनी तर भरतीच्या जाहिरातीतला नियम आधी वाचावा. सैन्यात साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू एवढ्याच ठिकाणचा टॅटू चालतो, आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाला वेगळी सवलत आहे. केंद्रीय पोलीस दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, पण डाव्या हातावर, कारण उजवा हात सलामीचा. दंडावर मोठ्या हौसेने काढलेला महादेव मैदानावरून परत पाठवतो, अशी मुले आहेत. त्यात महादेवाचा काय दोष!

तर काढावा का?

टॅटू काढल्याने पाप लागत नाही. न काढल्याने पुण्य लागत नाही. गीतेत देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे, तेराव्या अध्यायात त्याला क्षेत्र, म्हणजे शेत म्हटले आहे. शेताच्या बांधावर आपण कोणती पाटी लावली यावरून पीक ठरत नाही. पण पाटी लावण्याची इच्छा कुठून आली, हे मात्र साधकाने पाहिलेच पाहिजे. कोणी तरी सोडून गेले म्हणून? सगळ्या मैत्रिणींनी काढला म्हणून? आई 'नको' म्हणाली म्हणून? की आतले काहीतरी हातातून निसटते आहे आणि ते शाईने पकडून ठेवावे असे वाटते म्हणून? यातले शेवटचे कारण मला सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि सर्वांत केविलवाणेही. साधना सुटत चालली आहे, निदान खूण तरी राहू दे.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. ज्या नावाचा टॅटू काढायचा आहे, त्या नावाचा जप आधी एक वर्ष करा. रोज, ठरावीक वेळी, एक दिवसही न चुकता. परीक्षा असो, लग्नघर असो, ताप असो. चुकला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. वर्ष पूर्ण झाल्यावरही इच्छा उरली तर परवानाधारक, स्वच्छ ठिकाणी, आपल्यासमोर फोडलेल्या नव्या सुईने काढून घ्या. मग मी आपल्याला अडवणार नाही. नाथपंथात कुंडलांसाठी जी वाट पाहावी लागते, तिच्यापुढे एक वर्ष फार नाही.

सद्गुरूंचा चेहरा काढायचा असेल तर मात्र त्यांना विचारा, आणि प्रत्यक्ष विचारता येत नसेल तर काढू नका. देवाचे चित्र पायावर किंवा कमरेखाली काढावे का, असेही विचारतात. रामनाम्यांच्या दृष्टीने पाहिले तर देव बाटत नाही. पण ज्यांच्या मनाला ते लागेल अशी माणसे आपल्या घरात आणि गल्लीत आहेत, आणि त्यांना दुखावण्याइतके काही आपल्याला त्यातून मिळत नाही. नकोच.

आता आईविषयी. आई, आपली भीती खोटी नाही. मुलगी हातातून जाते आहे असे आपल्याला वाटते. पण भुवईतली बाळी उद्या काढली की छिद्र हळूहळू बुजते. चार दिवसांचा अबोला तेवढ्या सहज बुजत नाही. तिला विचारा, दुखते का? पू येतो का? मिठाच्या कोमट पाण्याने पुसतेस का? सुश्रुतांनी वेदना पाहायला सांगितली आहे, ती आधी पाहा. आणि तिला सत्संगाला नक्की आणा. तिच्या भुवईकडे पाहून इथे कोणी कुजबुजले, तर ते ज्याने कुजबुज केली त्याच्या साधनेत उणे आहे, तिच्या नाही. रामनाम्यांना पायरीवरून परत पाठवणारेही आपल्याला धर्मरक्षकच समजत होते.

आणि ज्यांनी आधीच काढला आहे, आता पस्तावत आहेत, एखाद्या जुन्या नावावर पूर्ण बाहीचा शर्ट घालून ध्यानाला बसत आहेत, त्यांनी बाह्या वर कराव्यात. ते नाव ज्या व्यक्तीचे आहे तिच्यासाठी डोळे मिटल्यावर एकदा चांगले चिंतावे आणि पुढे जावे. पुसायचे असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, घरगुती आम्ल किंवा इंटरनेटवरची मलमे लावू नका, त्याने भाजते. पुसायचे नसेल तर तेही ठीक आहे.

एक सेवेची सूचना राहिली. रक्तदान शिबिरात येणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे की टॅटू काढल्यावर किंवा कान-नाक टोचल्यावर साधारण वर्षभर रक्त देता येत नाही, कारण दूषित सुईतून काविळीचे बी आणि सी विषाणू किंवा एचआयव्ही आला असेल तर तो लगेच तपासणीत सापडेलच असे नाही. नोंदणीच्या फॉर्मवर हा प्रश्न असतो. तिथे लाजून 'नाही' लिहू नका. त्या दिवशी रक्त देता आले नाही तर नोंदणीच्या टेबलावर बसा, दात्यांना चहा-बिस्किटे द्या. तिथे माणसे नेहमीच कमी पडतात.